गिरणी, वर्तमानपत्र आणि रविवार : नारायण मेघाजी लोखंडे

(बेसा, नागपूर येथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची ढब शक्य तितकी तशीच ठेवली आहे. शेवटी श्रोत्यांचे निवडक प्रश्न दिले आहेत.)

मागे आवाज येतोय ना? बरं.

आजचा विषय आहे रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे. इथे स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी बरीच मुलं-मुली दिसतात, त्यांना हे नाव माहीत असणारच. त्यांच्या वहीत तीन ओळी असतात : भारतीय कामगार चळवळीचे जनक, ‘दीनबंधू’चे संपादक, आणि रविवारची सुट्टी मिळवून देणारे. एक गुणाचा प्रश्न, तीन पर्याय चूक, एक बरोबर, झालं.

या तीन ओळी म्हणजे तीन वेगवेगळी कामं नव्हती, एवढंच मला आज सांगायचं आहे. ते एकच काम होतं. कामगाराची तक्रार तोंडी असते तोपर्यंत ती हवेत विरते. ती कागदावर आली, तिच्याखाली सह्या आल्या, ती छापून आली, की मालकाला आणि सरकारला तिची दखल घ्यावी लागते. लोखंड्यांना हे फार लवकर कळलं. ते कसं कळलं, आणि त्याच्या मर्यादा काय होत्या, ते पाहू.

१८७७ : नागपूर आणि पुणे

सुरुवात आपल्या नागपूरपासूनच करतो. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल इथे सुरू झाली. त्याच दिवशी राणी व्हिक्टोरिया हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याचं जाहीर झालं, म्हणून गिरणीचं नाव एम्प्रेस. कापूस वऱ्हाडात पिकतो, मग गिरणी मुंबईतच कशाला, असा टाटांचा साधा हिशेब होता.

याच वर्षी, म्हणजे १८७७ मध्येच, एम्प्रेस मिलच्या विणकरांनी मजुरीच्या दरावरून संप केला. आपल्या देशातल्या कापड गिरण्यांमधले जे अगदी सुरुवातीचे संप नोंदले गेलेत, त्यात हा एक. आता विचार करा, त्या वेळी युनियन हा प्रकार इथे नव्हता. कारखान्यांसाठी कायदा नव्हता, तो चार वर्षांनी आला. कामगारांसाठी लिहिणारं वर्तमानपत्रही नागपुरात नव्हतं. माणसं एकत्र आली, काम थांबवलं, आणि इतिहासात त्यांच्या वाट्याला एक ओळ आली.

त्याच १८७७ साली पुण्यात कृष्णराव भालेकरांनी ‘दीनबंधू’ हे साप्ताहिक काढलं. महात्मा फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन केला होता, त्या विचारांचं हे पत्र. शेतकरी, कारागीर, मजूर यांच्याबद्दल लिहिणारं. पण असं पत्र चालवायचं म्हणजे पैशाची ओढाताण. वर्गणीदार कोण, तर ज्यांच्या घरात वाचणारा एखादाच. भालेकरांना ते झेपेना.

म्हणजे एकाच वर्षी इकडे गिरणी आणि संप, तिकडे वर्तमानपत्र. दोघांची गाठ पडलेली नाही. ती गाठ घातली लोखंड्यांनी, १८८० मध्ये, मुंबईत.

स्टोअरकीपरच्या टेबलावरून

लोखंडे १८४८ साली ठाण्यात जन्मले. घराणं फुलमाळी, मूळ पुणे जिल्ह्यातलं, परिस्थिती बेताची. शाळेत इंग्रजीपर्यंत पोचले. रेल्वे आणि टपाल खात्यात काही काळ नोकरी केली आणि मग मुंबईत मांडवीच्या एका कापड गिरणीत स्टोअरकीपर म्हणून लागले.

स्टोअरकीपर ही जागा मोठी मजेशीर असते. तो खात्यात साच्यावर उभा नसतो, म्हणून कामगार त्याला आपला म्हणत नाही. आणि तो साहेबही नसतो. पण गिरणीत काय येतं, काय जातं, कोण किती वाजता आला, कोणाचा पगार अडला, हे सगळं त्याच्या डोळ्यांसमोरून जातं. नोंद ठेवायची त्याला सवय असते. लोखंड्यांच्या पुढच्या सगळ्या कामावर या सवयीची छाप आहे.

आणि त्यांनी काय पाहिलं? तेव्हा गिरण्यांत विजेचे दिवे नव्हते. काम चालायचं ते उजेडावर, सूर्य उगवला की सुरू, मावळला की बंद. म्हणजे कामाचे तास पंचांग ठरवायचं! मुंबईत डिसेंबरचा दिवस अकरा तासांचा, आणि मे-जूनमधला तेरा तासांच्या वर. मजूर घड्याळ बघून नव्हे, अंधारात घरून निघायचा आणि अंधारात परतायचा.

आठवड्याची सुट्टी नाही. सणावाराला गिरणी बंद राहायची तेवढीच. त्यातही यंत्रं पुसायला, साफ करायला बोलावणं आलं की ती सुट्टी गेली. दुपारच्या जेवणाला ठरलेली वेळ नाही. महिन्याचा पगार पुढचा महिना बराच सरल्यावर हातात, म्हणजे कामगार कायम वाण्याच्या आणि सावकाराच्या उधारीवर. एक दिवस गैरहजर राहिला तर दोन दिवसांची मजुरी कापायची, याला डबल खाडा म्हणत. आणि नोकरी मुकादमाच्या हातात. त्याला जॉबर म्हणायचे. त्याची दस्तुरी दिल्याशिवाय काम नाही.

अशा माणसाच्या हाती १८८० मध्ये ‘दीनबंधू’ आला. सत्यशोधक समाजाच्या मुंबईतल्या मंडळींचा, त्यात रामय्या व्यंकय्या अय्यावारूंसारख्या तेलगू गृहस्थांचा, या कामाला आधार होता. ही गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण मुंबईची ही चळवळ पहिल्यापासून फक्त मराठी माणसांची नव्हती. पुढे मृत्यूपर्यंत लोखंड्यांचं नाव ‘दीनबंधू’शी जोडलेलं राहिलं.

कामगारांच्या बाजूने कोण होतं?

आता थोडं बारकाईने ऐका, कारण इथे गोष्ट गुंतागुंतीची आहे.

१८८१ मध्ये पहिला फॅक्टरी कायदा आला. त्यात काय होतं? सात वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायचं नाही. सात ते बारा वयाच्या मुलांकडून नऊ तासांपेक्षा जास्त काम घ्यायचं नाही, त्यांना महिन्यातून चार सुट्ट्या द्यायच्या. धोक्याच्या यंत्रांना कुंपण घालायचं. आणि हे सगळं शंभर किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यांना. प्रौढ कामगारांसाठी काय? काही नाही. बायकांसाठीही नाही.

हा एवढा कायदा तरी कोणाच्या दबावामुळे आला? सोराबजी शापूरजी बंगालींसारखे इथले काही भले लोक प्रयत्न करत होते, हे खरं. पण मोठा रेटा होता इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरणीमालकांचा. मुंबईचं कापड स्वस्त पडतं, कारण तिथे मजुरांकडून कितीही तास काम घेतात, अशी त्यांची तक्रार. त्यांना इथल्या पोरांचा कळवळा किती होता, ते तुम्हीच समजा.

उलट बाजूला इथली राष्ट्रीय वृत्तीची बरीचशी वर्तमानपत्रं. त्यांचं म्हणणं, हा कायदा म्हणजे बाळसं धरू लागलेल्या देशी उद्योगाचा गळा घोटण्याचा डाव. यातही तथ्य नव्हतं असं नाही. विलायती मालक हितसंबंध पाहूनच बोलत होते.

पण या सगळ्या भांडणात साच्यावर उभ्या असलेल्या माणसाला कोणी विचारलं होतं का? एक म्हणतो त्याच्या भल्यासाठी कायदा करा, दुसरा म्हणतो देशाच्या भल्यासाठी करू नका. लोखंड्यांनी तिसरा आवाज आणला, खुद्द कामगाराचा. आणि त्यासाठी त्यांना दोन्हीकडून शिव्या खाव्या लागण्याची तयारी ठेवावी लागली. देशी मालकाविरुद्ध लिहिलं की तू इंग्रजांचा माणूस, हा शिक्का ठरलेला. हा शिक्का आजही वेगवेगळ्या नावांनी मारला जातो, ते असो.

सप्टेंबर १८८४

१८८१ चा कायदा अपुरा पडतोय हे दिसल्यावर मुंबई सरकारने चौकशीसाठी कमिशन नेमलं. अशा कमिशनपुढे साधारण कोण बोलतं? मालक, मॅनेजर, डॉक्टर, इन्स्पेक्टर. लोखंड्यांनी १८८४ च्या सप्टेंबरमध्ये, २३ आणि २६ तारखेला, कामगारांच्या सभा घेतल्या आणि एक अर्ज तयार केला. त्यावर सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्या झाल्या. बहुसंख्य माणसं निरक्षर असलेल्या काळात साडेपाच हजार सह्या!

अर्जातल्या मागण्या ऐका. एक, दर रविवारी पूर्ण सुट्टी. दोन, दुपारी अर्धा तास विश्रांती. तीन, काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावं आणि सूर्यास्ताला थांबावं. चार, महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत मिळावा. पाच, कामावर असताना अपघात झाला तर बरं होईपर्यंत पूर्ण पगार, आणि कायमचं अपंगत्व आलं तर पोटापाण्याची व्यवस्था.

या यादीत पगारवाढ नाही, हे लक्षात आलं का? सगळ्या मागण्या वेळेच्या आहेत आणि जिवाच्या आहेत. माझा दिवस कधी सुरू होतो, कधी संपतो, पैसे कोणत्या तारखेला मिळतात, हात तुटला तर काय. मजुरी किती, याआधी मजूर माणूस आहे की साच्याचा भाग, हा प्रश्न त्यांनी विचारला. आणि मागण्या इतक्या साध्या होत्या की नाही म्हणणाऱ्यालाच लाज वाटावी.

आणखी एक. अर्ज झाला, कमिशन उठलं, हाती लगेच काही आलं नाही. इथेच बहुतेक प्रयत्न संपतात. पण लोखंड्यांच्या हातात साप्ताहिक होतं. अर्ज एकदाच करता येतो, पण अंक दर आठवड्याला काढता येतो. आणि तेव्हा वर्तमानपत्र जितकं वाचलं जायचं, तितकंच ऐकलंही जायचं. चाळीत एकाला वाचता आलं तरी पुरे. मागणी जिवंत ठेवायला सहा वर्षं हेच साधन होतं.

१८९० : एक दिवस आपला

२४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत कामगारांची प्रचंड सभा झाली. सुमारे दहा हजार माणसं. दोन कामगार बायका उभ्या राहून बोलल्या. १८९० साल, दहा हजारांची सभा आणि व्यासपीठावर गिरणीत काम करणाऱ्या बायका! आपल्या आजच्या किती सभांत हे दिसतं?

जगातही काय चाललं होतं पाहा. १८८६ मध्ये शिकागोत आठ तासांच्या मागणीसाठी रक्त सांडलं होतं. त्याची आठवण म्हणून पहिला आंतरराष्ट्रीय मे दिन पाळला गेला १ मे १८९० रोजी. म्हणजे लोखंड्यांच्या सभेनंतर बरोबर एका आठवड्याने. तिकडे मागणी आठ तासांची, इकडे आठवड्यातून एका दिवसाची.

सभेचा अर्ज गिरणीमालकांच्या संघाकडे गेला. १० जून १८९० रोजी मालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. लक्षात ठेवा, हा तेव्हा कायदा नव्हता, मालकांनी दिलेला शब्द होता. त्याच वर्षी सरकारने नवं फॅक्टरी कमिशन नेमलं आणि त्यावर लोखंड्यांना घेतलं. सहा वर्षांपूर्वी कमिशनकडे अर्ज घेऊन जाणारा माणूस आता टेबलाच्या पलीकडे बसला होता.

मग १८९१ चा कायदा आला. आठवड्याची सुट्टी कायद्यात आली, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती आली. बायकांना अकरा तासांची मर्यादा. मुलांचं किमान वय नऊ, आणि चौदापर्यंत सात तास. पन्नास कामगारांच्या कारखान्यालाही कायदा लागू. प्रौढ पुरुषांच्या तासांना मात्र मर्यादा नाही. त्याला १९११ उजाडावं लागलं, तेही बारा तास. दरम्यान गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि दिवस मावळण्याचं बंधनही गेलं. म्हणजे जे मिळालं ते थोडं होतं, आणि तेही टिकवावं लागणार होतं.

मोठेपण आणि मर्यादा

आता अवघड भाग. लोखंड्यांची ‘बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन’ ही देशातली पहिली कामगार संघटना, असं आपण म्हणतो. कोणी तिचं साल १८८४ धरतं, कोणी १८९०. पण १८९२ च्या सरकारी अहवालात साफ लिहिलं गेलं की या संस्थेला ना सभासदांची यादी, ना निधी, ना नियम; लोखंडे हे जो कामगार येईल त्याला सल्ला देणारे स्वयंसेवक आहेत.

हे खोटं नव्हतं. आजच्या अर्थाने ती युनियन नव्हती. वर्गणी, सभासद, पदाधिकारी अशा बांधणीची संघटना उभी राहिली ती १९१८ मध्ये मद्रासला. पण त्या अहवालाकडे मी वेगळ्या नजरेने पाहतो. ज्या माणसाकडे यादी नाही, पैसा नाही, नियम नाहीत, त्याच्या हाकेला दहा हजार माणसं येतात, मग ती कशाच्या जोरावर? माझ्या मते, ‘दीनबंधू’ हेच त्या संघटनेचं कार्यालय होतं.

दुसरी गोष्ट. लोखंडे समाजवादी होते का? नाही. गिरणी कामगारांच्या मालकीची व्हावी, असं त्यांनी मागितलं नाही. संपापेक्षा अर्जावर त्यांचा भरवसा. सरकारवर विश्वास. १८९५ मध्ये रावबहादूर हा किताबही मिळाला. आणि एक प्रसंग तर त्यांच्याच गुरूंशी संबंधित आहे. फुल्यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. त्याची पहिली दोन प्रकरणं ‘दीनबंधू’त छापली गेली आणि पुढची थांबली. फुल्यांची भाषा झोंबणारी होती, सरकारलाही न सोडणारी. फुल्यांना हे फार लागलं, आणि त्यांनी ते बोलूनही दाखवलं.

मी इथे लोखंड्यांची वकिली करणार नाही. एक मोठं पुस्तक पूर्ण छापण्याची संधी त्यांनी सोडली. पण संपादकाची अडचणही समजून घ्या. ज्या सरकारकडून कामगारांसाठी कायदा हवा, त्याच सरकारला दुखवायचं किती? पत्रच बंद पडलं तर मागणी कुठे छापायची? आजही लहान पत्र चालवणारा संपादक रात्री याच प्रश्नाने जागा असतो. याचं उत्तर प्रत्येकाने आपापलं द्यायचं असतं, आणि त्याची किंमतही मोजायची असते.

गिरणीच्या बाहेर

पण ते गिरणीपुरते थांबले नाहीत. १८९० च्याच सुमारास मुंबईतल्या न्हाव्यांना एकत्र करून विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही, असा ठराव त्यांनी घडवून आणला. यातली युक्ती बघा. विधवांवरच्या अन्यायावर भाषणं पुष्कळ झाली होती. लोखंड्यांनी विचार केला, हे काम प्रत्यक्ष करतो कोण? तो न्हावी. मग त्यानेच वस्तरा खाली ठेवला तर? कामगार नेत्याचीच ही नजर.

१८९३ मध्ये मुंबईत हिंदू-मुसलमानांची मोठी दंगल झाली, तेव्हा त्यांनी राणीच्या बागेत एकोप्याचा मेळा भरवला. कारण सरळ आहे. एकाच खात्यात शेजारी शेजारी उभे राहणारे लोक संध्याकाळी एकमेकांवर दगड टाकू लागले, तर सकाळी अर्जावर सह्या कोण करणार?

मग मुंबईत प्लेग आला. माणसं शहर सोडून गावाकडे पळत होती. लोखंडे थांबले, आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी प्लेगनेच गेले. एकोणपन्नाशीही गाठली की नाही, एवढंच वय. एका महिन्याने, १० मार्चला, प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना पुण्यात सावित्रीबाई गेल्या. एका महिन्यात सत्यशोधकांची दोन माणसं.

पुढे १९०९ मध्ये सी. के. बोल्यांसारख्या मंडळींची कामगार हितवर्धक सभा आली. १९२० मध्ये आयटक स्थापन झाली. १९२२ मध्ये डांग्यांनी ‘सोशालिस्ट’ साप्ताहिक काढलं, तिथून समाजवादी पत्रकारितेचा खरा प्रवाह सुरू होतो. पण कामगार नेत्याने स्वतःचं पत्र चालवायचं, ही वाट चाळीस वर्षं आधी पाडलेली होती.

आता शेवटचा मुद्दा. आपली एम्प्रेस मिल २००२ मध्ये बंद पडली. त्या जागेवर आज एम्प्रेस सिटी उभी आहे, मॉल आहे. तिथे सगळ्यात जास्त गर्दी कोणत्या दिवशी असते? रविवारी. २०१७ च्या कायद्याने दुकानं सातही दिवस उघडी ठेवायला परवानगी आहे, पण प्रत्येक कामगाराला आठवड्यातून एक दिवस सुट्टी द्यावीच लागते. आपल्या बेशात वीस वर्षांपूर्वी शेतं होती, आता उंच इमारती आहेत. त्या बांधणारा मजूर, गेटवरचा चौकीदार, दारात पार्सल आणून देणारा पोरगा, यांचा रविवार कोणता? एवढा एक प्रश्न घरी जाताना विचारा. स्वतःला नको, त्यांनाच विचारा. लोखंड्यांनी तेवढंच केलं होतं, आणि मिळालेलं उत्तर लिहून ठेवलं होतं.

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न : सर, रविवारच का? इंग्रजांचा चर्चचा दिवस म्हणून का?

सरकारी कचेऱ्या रविवारी बंद असायच्या, त्यामुळे सोय होती हे उघड आहे. पण रविवार हा आपल्याकडे खंडोबाचाही वार आहे. गिरणीतले कितीतरी कामगार देशावरचे, खंडोबाला मानणारे. म्हणजे हा दिवस साहेबालाही पटला आणि कामगारालाही आपला वाटला. मागणी करताना समोरच्याला नाही म्हणायला जागाच ठेवायची नाही, ही त्यांची पद्धत.

प्रश्न : नागपुरात असं काम कोणी केलं नाही का?

केलं ना. किसन फागुजी बनसोड. जन्म १८७९, आपल्याच जिल्ह्यातल्या मोहप्याचे. त्यांनी स्वतःचा छापखाना घातला. १९१८ मध्ये ‘मजूर पत्रिका’ काढली, पुढे ‘चोखामेळा’ हे पत्र. अस्पृश्यता आणि मजुरी हे दोन प्रश्न वेगळे करता येत नाहीत, हे ते जगून लिहीत होते. त्यांच्यावर स्वतंत्र व्याख्यान व्हायला हवं.

प्रश्न : आज युनियनचा जोर कमी झालाय. मग या इतिहासाचा उपयोग काय?

लोखंड्यांकडे युनियन नव्हतीच, हे आत्ताच पाहिलं आपण. कायदा नव्हता, निधी नव्हता. मागण्या पाच होत्या, त्या कोणालाही समजतील अशा होत्या, आणि त्या दर आठवड्याला पुन्हा सांगायची चिकाटी होती. १८८४ ते १८९० अशी सहा वर्षं. माणसं जमवायला आधी जे लागतं, ते हे. बाकीचं मागून येतं.